चौतीस दस्ते आणि एक शेरा

पॉलिशताई शस्त्रागारात आली ती लाकडाच्या बाजूने. रायफलशी तोवर तिचा काही संबंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसा आला नाही. गोळी कुठून आत जाते हे तिला शिकवलं होतं, कारण ते माहीत नसलेल्या माणसाला तिथे कुणी उभं करत नाही. पण ती गोळी जाऊन कुठे लागते यात तिला काडीचा रस नव्हता. तिचा सगळा जीव दस्त्यात. दस्ता म्हणजे रायफलचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात, ज्यावर गाल ठेवून नेम धरतात आणि ज्याच्या पोटात सगळं लोखंड बसवलेलं असतं. लोक नळीचं कौतुक करतात, चापाचं करतात, दस्त्याकडे बघायला कुणाला सवड नसते. पॉलिशताईचं म्हणणं असं, की घरातल्या बाईकडे जसं कुणी बघत नाही तसंच हे. ती जागेवरून जरा हलली की सगळं घर खिळखिळं होतं, तेही तसंच.

आधी ती एका फर्निचरच्या दुकानात कपाटं आणि खुर्च्या पॉलिश करायची. बारा वर्षं केलं. मग नवऱ्याची नजर मंदावली. तो ट्रक चालवायचा, आणि समोरून येणारी गाडी एक आहे की दोन हे ज्या दिवशी त्याला कळेना, त्या दिवशी त्याने आपणहून किल्ली मालकाच्या हातात ठेवली. घरात शाळेत जाणारी लेक, घर भाड्याचं आणि दुकानाचा पगार आज वेळेवर तर उद्या नाही. तेवढ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्राला लाकडाची जाण असलेलं माणूस हवंय असं कळलं. तीन वर्षं कच्ची नोकरी, तिसऱ्या वर्षीची तपासणी नीट पार पडली की कायम. शिवाय शस्त्रागाराच्या मागे राहायला दोन खोल्या. त्या दोन खोल्या बघून तिच्या लेकीने पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर इथून आपल्याला कुणी काढणार तर नाही ना. पॉलिशताई म्हणाली, तीन वर्षं थांब, मग सांगते.

शस्त्रागारात राज्य उस्तादांचं. उस्ताद म्हणजे तिथले आर्मरर, रायफलीचं लोखंड सांभाळणारे. बुटके, तोंडाने फटकळ, आणि हात असे स्थिर की चहाचा कप भरून दिला तरी बशीत थेंब सांडायचा नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या कामावर तपासणीच्या वहीत एकही वाईट शेरा पडला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगायचं विसरलं की त्यांचा चेहरा पडायचा. पॉलिशताईला पाहून त्यांनी नाक मुरडलं. आपण हाताखाली माणूस मागितलं होतं आणि वरच्यांनी कपाटवाली पाठवली, असं त्यांनी तिच्या समोरच सांगून टाकलं. मग कामाच्या टेबलावर मधोमध एक पट्टी चिकटवली आणि म्हणाले, लोखंड माझं, लाकूड तुमचं. पॉलिशताईने मान डोलावली. नांदायला आलेल्या सुनेने पहिल्या दिवशी चुलीवरून भांडायचं नसतं, एवढी अक्कल तिला होती.

काम मात्र तिने चटकन उचललं. साठ रायफली होत्या, सगळ्या लाकडी दस्त्याच्या. दर महिन्याला एकेक करून उस्ताद त्या उघडायचे, रिकामी आहे हे स्वतः बघायचे, तिलाही बघायला लावायचे, आणि मग लोखंड पट्टीच्या त्यांच्या बाजूला नि दस्ता तिच्या बाजूला. ती आधी कोरड्या फडक्याने पुसायची. मग खिडकीच्या उजेडात तिरका धरून तडे शोधायचे. सगळ्यात जास्त जपायचं ते दस्त्याच्या मानेला, मुठीत येतो त्या बारीक भागाला, कारण गोळी सुटताना मागे येणारा धक्का तिथेच बसतो. मागच्या टोकाच्या लोखंडी पट्टीचे स्क्रू बघायचे. बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचं, लाकूड खणखणीत बोललं तर बरं, भद्द आवाज आला तर आत काहीतरी आहे. शेवटी जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं. लोखंड परत बसवलं की नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवायची. ती अडली की समजायचं, लाकूड ओल खाऊन फुगलंय.

सहा महिन्यांत दस्ते असे चमकायला लागले, की केंद्राचे मोठे साहेब फेरी मारायला आले ते रॅकसमोर उभेच राहिले. आरशासारखे केलेत, असं म्हणाले. पॉलिशताईला म्हणाले. उस्ताद शेजारीच उभे होते, त्यांच्याकडे वळून साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. त्या दिवशी उस्तादांनी दुपारचा चहा घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणाले.

पुढची दोन वर्षं बरी गेली. एकच गोष्ट कधीकधी खटकायची. मैदानावरचे प्रशिक्षक तक्रार करायचे की हल्ली पोरांच्या गोळ्या विखुरतात. मग पोरांनाच धारेवर धरायचे, श्वास नीट घेत नाही म्हणून. इकडे दस्त्यांच्या आतला भाग, जिथे लोखंड बसतं तो, हळूहळू काळसर होत चालला होता. पॉलिशताईला ते दिसत होतं. आणि तिला त्याचा आनंद होत होता. फर्निचरच्या धंद्यात लाकूड काळसर झालं की त्याला मुरलं म्हणतात, आणि मुरलेल्या लाकडाला गिऱ्हाईक दुप्पट मान देतं. दस्ते मुरतायत, असं ती नवऱ्याला कौतुकाने सांगायची.

तिसऱ्या वर्षाची तपासणी आली. तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे नखसाहेब म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी जरा वाढवलेलं असायचं, आणि ते नख म्हणजेच त्यांचं हत्यार. त्यांनी पहिली रायफल उघडायला लावली, चमकणाऱ्या दस्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आतल्या काळ्या भागावर अंगठा टेकवला आणि दाबला. नख लाकडात रुतलं. साबणात रुतावं तसं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. दुपारपर्यंत टेबलावर चौतीस दस्ते बाजूला निघाले. नखसाहेबांनी रुमालाने अंगठा पुसला आणि सांगितलं, की तेल पिऊन पिऊन लाकूड मऊ झालंय. लोखंडाला घट्ट बसायला जागाच उरलेली नाही, मग गोळ्या विखुरतील नाहीतर काय होईल. हे दस्ते टाकून द्यावे लागतील, किंवा मग.

ते थांबले आणि म्हणाले, “आधी मला सांगा, तेल कुणाचं?”

सगळ्यांच्या नजरा फळीकडे गेल्या. फळीवर जवसाच्या तेलाची बाटली होती, तिच्यावर पॉलिशताईच्या बोटांचे ठसे होते, आणि लाकूड तिचं हे तर टेबलावरच्या पट्टीनेच सांगितलं असतं. तिच्या डोळ्यांपुढे मागच्या दोन खोल्या आल्या आणि खिडकीत बसून अभ्यास करणारी लेक आली. तरी तिने तोंड उघडलं. साहेब, ते, एवढंच निघालं.

“तेल माझं आहे, साहेब,” उस्ताद म्हणाले.

नखसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वही उघडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा उस्तादांच्या नावापुढे शेरा पडला: आर्मररने जादा तेल वापरल्यामुळे दस्ते खराब. ते लिहून झाल्यावर त्यांनी पॉलिशताईला तोडगा सांगितला. खडूची भुकटी थिनरमध्ये कालवायची, काळ्या भागावर जाड थापायची, दस्ता उन्हात ठेवायचा. ऊन लाकडातलं तेल वर आणतं, खडू ते पितो. झटकायचं आणि पुन्हा थापायचं, खडू पांढरा राहीपर्यंत. तीन महिन्यांनी मी परत येतो, वाचतील ते वाचतील, आणि तुमच्या कायम होण्याच्या कागदाचंही तेव्हाच बघू. तीन महिन्यांनी उस्तादांच्या निवृत्तीचाही आठवडा होता, हे खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात आलं आणि कुणी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पॉलिशताई उस्तादांच्या घरी गेली. दार उस्तादांच्या बायकोने, वहिनींनी उघडलं. वहिनींना शेऱ्याचं कळलं होतं. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण एरवी बडबड करणारी बाई त्या दिवशी पाणी देऊन स्वयंपाकघरात निघून गेली. पॉलिशताईने जे घोकून आणलं होतं ते सगळं बोलून टाकलं. माझ्यासाठी तुम्ही आपल्या नावाला डाग लावून घेतलात, हे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही, वगैरे. उस्ताद ऐकता ऐकता लाल झाले. उपकार-बिपकार काही केलेला नाही, जे होतं ते सांगितलं, असं म्हणून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले ते परत बाहेरच आले नाहीत. पॉलिशताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस किती मोठा, की उपकार करून वर नाही म्हणतो, असं तिला वाटलं. घरी येताना तिला चालवेना. असल्या उपकाराचं ओझं हातातून उतरत नाही, कुठे टेकवावं म्हटलं तर जागाही सापडत नाही.

आठ दिवस तिने खडू कुटले. वर्गांमधले सगळे उरलेसुरले खडू तिने गोळा केले, मग न उरलेलेही केले, आणि प्रशिक्षक लोक चिमटीत न येणाऱ्या तुकड्यांनी फळ्यावर लिहायला लागले. दस्ते अंगणात ओळीने ऊन खात पडलेले, तोंडाला लेप लावून बसलेल्या बायकांसारखे. सकाळी थापायचं, संध्याकाळी झटकायचं. पण काम करताना मन ठिकाणावर नव्हतं. नवव्या दिवशी तिने एक पत्र लिहिलं. नखसाहेबांना. तेल माझं होतं, उस्तादांनी मला वाचवायला खोटं सांगितलं, शेरा त्यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर घालावा, नोकरी गेली तर गेली.

सुट्टीच्या दुपारी तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं, कारण त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं आता. तो पलंगावर पाय सोडून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने बराच वेळ हनुवटी खाजवली.

“पत्र चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण तेल तुझंच होतं हे तुला कुणी सांगितलं?”

“अहो, लाकूड माझं, मग तेल कुणाचं असणार?”

“बघू, हात दे इकडे.”

ती सकाळभर आदल्या दिवशीचा उरलेला खडू खरवडत होती, तळहाताच्या रेषांत अजून तो काळसर लगदा भरलेला होता. नवऱ्याने तिचा हात नाकाशी नेला. वीस वर्षं इंजिनाखाली झोपून काढलेला माणूस तो, त्याचे डोळे गेले होते पण नाक जागेवर होतं. त्याने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि हसायलाच लागला. म्हणाला, हे जवस नव्हे बाई, जवसाचा वास मी बारा वर्षं तुझ्या पदराला घेतलाय. हे लोखंडाचं तेल आहे. आणि जवस लाकडात गेलं की वाळून घट्ट बसतं, हे तूच मला शिकवलंस ना? मग ते इतक्या दिवसांनी खडूला कसं चिकटेल?

पॉलिशताई उठून अंगणात गेली. एकेक दस्ता उचलून तिने लेप पाहिला. काळा. काळा. काळा. जवसाचं असतं तर फार तर पिवळट डाग पडला असता, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं, आणि आठ दिवस ते तिच्या नाकासमोर असून तिला दिसलं नव्हतं. उपकाराच्या भरात माणूस असा आंधळा होतो, की डोळे गेलेला नवरा आणि डोळे असलेली बायको यात काही फरक उरत नाही.

सोमवारी ती एक दस्ता घेऊन उस्तादांच्या बाजूला गेली, पट्टी ओलांडून. लेप दाखवला. उस्तादांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, असं पुटपुटले. मग हळूहळू बाहेर आलं. मोठे साहेब रॅकसमोर उभे राहून दस्त्यांचं कौतुक करून गेले त्या दिवशी उस्तादांच्या मनाने घेतलं, की लाकूड चमकतंय तर आपलं लोखंड काय मागे राहणार आहे का. दोन थेंबांच्या जागी त्यांनी सहा घातले, मग दहा. रायफली रॅकमध्ये दस्ता खाली, नळी वर अशा उभ्या. जादा तेल नळीवरून आणि आतल्या लोखंडावरून ओघळत खाली आलं आणि सरळ लाकडाच्या पोटात गेलं, रोज थोडं थोडं, अडीच वर्षं.

“एवढ्या वर्षांचा माणूस मी, आणि कपाटवालीशी चमकायची शर्यत लावली,” उस्ताद म्हणाले. “हे तुमच्या वहिनींना सांगू नका.”

पॉलिशताईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटतंय. उपकाराचं ओझं उतरलं होतं. पण त्या जागी जे आलं ते काही कमी नव्हतं. उस्तादांनी तिच्यासाठी खोटं सांगितलं असतं तर ती दया झाली असती. त्यांनी खरं सांगितलं होतं, तेही सगळ्यांचे डोळे तिच्या बाटलीकडे लागलेले असताना. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, खापर आपोआप तिच्या डोक्यावर फुटलं असतं, आणि तिने स्वतःही ते मुकाट फोडून घेतलं असतं. तिला उस्तादांबद्दल आधीपेक्षा जास्त कृतज्ञ वाटलं. पत्र तिने फाडून टाकलं.

मग दोघांनी मिळून काम केलं. टेबलावरची पट्टी केव्हा निघाली ते दोघांनाही सांगता येणार नाही. उस्ताद स्वतः खडू कुटायला बसले. रॅकच्या खाली त्यांनी जाड फडकी अंथरली आणि रायफली उलट्या ठेवायला सुरुवात केली, नळी खाली, म्हणजे तेल ओघळलं तर फडक्यात जाईल. खडू आधी काळा यायचा, मग करडा, मग मळकट पांढरा. अडीच महिन्यांनी एका दस्त्यावरचा लेप झटकला तर तो पांढराच्या पांढरा. पॉलिशताईने टकटक केलं. लाकूड खणखणीत बोललं. उस्तादांनी ते पुन्हा करायला लावलं, मग स्वतः केलं, मग वहिनींनी दिलेल्या डब्यातला अर्धा भाग तिच्यापुढे सरकवला.

नखसाहेब आले तेव्हा चौतीसपैकी एकतीस दस्ते टेबलावर तयार होते. उरलेल्या तीन दस्त्यांच्या मानेला तडे गेलेले होते, ते तिने आधीच बाजूला काढून ठेवले होते, लपवले नव्हते. साहेबांनी एकेक करून नख टेकवलं. रुतलं नाही. शेवटच्या दस्त्यापर्यंत त्यांनी कंटाळा केला नाही, आणि मग खुर्चीत बसून वही उघडली. म्हणाले, काम उत्तम झालंय. दोष दूर झाला की शेरा रद्द करायचा मला अधिकार आहे. उस्तादांचा शनिवार शेवटचा दिवस ना? पान कोरं करून देतो.

पॉलिशताईला वाटलं, आता उस्तादांच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड येणार. पण उस्तादांनी हात वर केला.

“राहू द्या तो शेरा, साहेब. पुढचा माणूस वही वाचेल. त्याला कळायला हवं की तेल किती घालायचं.”

“आणि तुमच्या एकतीस वर्षांचं काय?”

“अठ्ठावीस म्हणा,” उस्ताद म्हणाले. “तीन तेलात गेली.”

नखसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या फाइलमध्ये वरचाच कागद पॉलिशताईच्या कायम नोकरीचा होता, सही बाकी असलेला. तिला तो उलटा वाचता येत होता, आपलं नाव, आपला हुद्दा, सगळं. ती पुढे झाली, तिने ते पेन उचललं आणि वहीत उस्तादांच्या शेऱ्याखाली आपल्या हाताने लिहिलं: लाकूड आतून काळं पडत होतं ते मला तेव्हा दिसलं होतं. मुरतंय असं समजून मी खूश झाले. कुणाला विचारलं नाही. खाली सही केली.

नखसाहेबांनी वही आपल्याकडे फिरवून ते वाचलं. कागद तसाच पडून होता.

“हे लिहायची तुम्हाला काही गरज नव्हती,” ते म्हणाले.

“त्यांनाही नव्हती, साहेब.”

उस्ताद खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नखसाहेबांनी दोन्ही शेऱ्यांखाली मिळून एकच सही केली, आणि पेनाला टोपण न घालता तिचा कागद पुढे ओढला. त्यावर सही करायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही. पॉलिशताई तो कागद घेऊन मागच्या दोन खोल्यांकडे निघाली, लेकीला तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला, आणि दारापाशी तिला थांबावं लागलं, कारण डोळ्यांतल्या पाण्याने पायरी दिसत नव्हती.